सोमवारचा भरणा

"काकू, एवढंच सांगा. सोमवारी आपली पेठ बंद असते. मग सोमवारी या चौदा खात्यांवर पैसे आले कुठून?"

हा प्रश्न मी विचारला होता. चेअरमन आदगोंडा पाटलांनी नाही, निवृत्तीला आलेल्या मॅनेजर मिणचेकरसाहेबांनीही नाही. दुपारी चार वाजता संचालक मंडळाची सभा भरली होती, टेबलावर सात बशांत चिवडा होता, आणि पतसंस्थेचा अकौंटंट म्हणून मी हातात एक पानी अहवाल धरून उभा होतो. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. समोरच्या खुर्चीत मालन बिरनाळे बसल्या होत्या. बावीस वर्षं आमच्या संस्थेच्या पिग्मी एजंट. मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीत पावती काढायचं छोटं मशीन. मी त्यांना लहानपणापासून मालनकाकू म्हणत आलो. त्या दिवशीही काकूच म्हणालो, हे आणखी वर.

"पैसं जमा हाईत न्हवं?" काकू म्हणाल्या. "एक रुपाया कमी हाय का? पासबुकं बघा की."

"कमी नाहीत. पण सोमवारी भरले कुणी?"

"मी भरले. मशीन माझ्याच हातात असतंय."

"तुमच्या हातात पैसे कधी आले, ते विचारतोय मी."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. घरात पाहुणे बसलेले असताना पोरानं भलतंच काही विचारावं आणि आईनं डोळ्यांनी गप्प करावं, तसं पाहिलं. मग त्या पाटलांकडं वळून म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, ह्या पोराला जरा भाईर पाठवा. मग काय विचारायचं ते विचारा."

"का? त्यानंच तर शोधून काढलंय," पाटील म्हणाले. "त्याच्यासमोर बोला."

"मग मला काय बोलायचं न्हाई," काकू म्हणाल्या आणि पदर सारखा करून गप्प बसल्या. पुढची वीस मिनिटं सात संचालक आळीपाळीनं विचारत होते आणि ती बाई हूं की चूं करत नव्हती. मला तेव्हा वाटलं, चोर सापडला की असाच मुका होतो.

आमचं गाव सांगली-कोल्हापूरच्या मधलं, पेठेवर जगणारं. पिग्मी म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. दुकानदार रोज पन्नास-शंभर रुपये बाजूला काढतो, एजंट दुकानाच्या पायरीवर येऊन ते घेतो, मशीनमधून पावती देतो आणि संध्याकाळी संस्थेत भरणा करतो. वर्षभर एकही आठवडा रिकामा गेला नाही, तर त्या खात्यावर कमी व्याजानं कर्ज मिळतं. दिवाळीचा माल भरायला निम्मी पेठ त्या कर्जावर अवलंबून. मालनकाकू ऊन असो, चिखल असो, दोनशे दुकानांच्या पायऱ्या चढायच्या. साडेपाचच्या ठोक्याला माझ्या टेबलासमोर बसून नोटा मोजून द्यायच्या. मी "चहा घेतला का काकू" म्हणायचो, त्या "घेतला रं" म्हणायच्या. अशी सहा वर्षं गेली.

त्याच सुमाराला मी कॉम्प्युटरवर एआय असिस्टंट वापरायला लागलो होतो. गंमत म्हणून सुरू केलं आणि बघता बघता त्याच्यावाचून पान हलेना. बँकेचा मेळ घालायला मला दोन दिवस लागायचे, ते चहा निवायच्या आत होऊ लागलं. सहायक निबंधकांच्या पत्राला उत्तर, सभेचं इतिवृत्त, थकबाकीदारांच्या नोटिसा, सगळं तो लिहून द्यायचा आणि मराठीही अशी की मिणचेकरसाहेबांसारखा नाकानं वांगी सोलणारा माणूससुद्धा खोट काढू शकत नव्हता. "शीतल, तुझा तो चिटणीस आला का रे कामावर?" असं ते विचारायचे. (आमच्याकडं शीतल हे पुरुषाचं नाव असतं, हसू नये.) सहा महिन्यांनी साहेबांची खुर्ची रिकामी होणार होती. तिच्यावर माझा डोळा होता हे दस्तगीर शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

त्यात शेजारच्या गावातली एक पतसंस्था बुडाली. एजंटांनी पैसे परस्पर वापरले, असं लोक बोलत होते. आमचे संचालक दुधानं तोंड पोळल्यासारखे ताकही फुंकून प्यायला लागले. पाटलांनी मला बोलावलं, "तेरदाळे, तुमच्या त्या असिस्टंटाकडनं आपल्या एजंटांची तीन वर्षांची वसुली तपासा बघू."

मी नावं काढून टाकली, फक्त खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ ठेवली. लोकांची नावं बाहेर जाऊ नयेत एवढी अक्कल मला होती आणि तिचा अभिमानही होता. चार मिनिटांत उत्तर आलं. बाकी एजंट ठीक. मालनकाकूंच्या चौदा खात्यांवर मात्र बहुतेक भरणे सोमवारी, संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान, एकापाठोपाठ एक झाले होते. म्हणजे पेठेची शटरं खाली, आणि मशीन चालू.

असिस्टंटनं तीन पानं लिहून दिली होती. मी ती पाटलांना दाखवायला नेली, तर त्यांनी चष्माही काढला नाही खिशातनं.

"एका पानात करून आणा. कमिटीला जर-तर नको असतंय. चोरी हाय का न्हाई, एवढं लिवा."

मी एका पानात करून आणलं.

सभेत काकू बोलल्या नाहीत. ठरलं असं की चौदा खातेदारांकडून लेखी जबाब घ्यायचे, तोवर मशीन जमा करून घ्यायचं. काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली. मशीनचा चार्जर विसरला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पायी येऊन देऊन गेल्या. दस्तगीरनं तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, बाई चार्जर द्यायला आली. चोर असं करतंय व्हय?" मी त्याला म्हणालो, तू तुझं काम कर.

त्याचं काम म्हणजे जबाबाची पत्रं वाटणं. पत्ते त्यानंच रजिस्टरवरून घातले. संस्थेची पाकिटं पिवळीजर्द, लांबून ओळखू यावीत अशी. थकबाकीची नोटीसही त्याच पाकिटातून जाते, त्यामुळं पेठेत ते पाकीट म्हणजे अपशकुन. दस्तगीर भर अकराला पेठेतून फिरला. कुठल्या दुकानात पाकीट गेलं आणि कुठल्या नाही, हे दुपारच्या जेवणापर्यंत पाननाक्यावरच्या सगळ्यांना पाठ झालं.

चार दिवसांत चौदाच्या चौदा जबाब आले. सगळ्यांचा मजकूर जवळपास सारखाच. "मी माझी पिग्मी रोजच्या रोज एजंटकडे देत आलो आहे. सोमवारच्या नोंदीबाबत मला काही माहीत नाही." म्हणजे प्रकरण मिटलं. लोकांनी रोज दिले, बाईनं स्वतःकडं ठेवले, वापरले आणि सोमवारी भरले. मी जबाब फाइलला लावत होतो. अकरावा कागद हातात आला आणि थांबलो.

अक्षर ओळखीचं होतं. वळणदार, डावीकडं किंचित झुकलेलं. खाली सही, भूपाल तेरदाळे. माझे वडील.

अप्पांचा पेठेत छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, सत्यनारायणाची आमंत्रणं. त्यांचं पिग्मी खातं आहे हे मला माहीत होतं, क्रमांक कधी बघितला नव्हता. माझं डोकं सणकलं. बाईनं माझ्या बापालाही सोडलं नाही! अर्धी रजा टाकून मी थेट छापखान्यात गेलो.

अप्पा स्टुलावर बसून जुन्या पत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. छपाईचं मशीन बंद होतं.

"अप्पा, तुमचेही पैसे वापरले तिनं. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"पाकीट तू पाठवलंस?" अप्पांनी विचारलं.

"अहवालच माझा आहे."

"मला वाटलं, मिणचेकरांचा असंल." त्यांनी सुतळीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "शीतल, दार लोट."

मी दार लोटलं.

"मी रोज पिग्मी देत नव्हतो," अप्पा म्हणाले. "दिवाळीपासनं छापखान्यात काम नाही. बिलं सगळी कॉम्प्युटरवर, पत्रिका मोबाइलवर. आठवड्याला कधी दोनशे सुटतात, कधी काहीच नाही. मालनबाई दारात आल्या की मी गल्ला उघडल्यासारखं करायचो. पहिल्या वेळी त्यांना कळलं. म्हणाल्या, असू दे, भूपालअण्णा, हुईल तवा द्या. सोमवारी घरी बसून ज्यांचा आठवडा रिकामा राहिला त्यांचं त्या पदरचं भरायच्या. खातं तुटायला नको म्हणून. माझं बाराशे रुपये देणं आहे त्यांना अजून."

"मग असं खोटं का लिहून दिलंत?"

"काय लिहू? रोजचे पन्नास रुपये माझ्याकडनं निघत नाहीत, असं? आणि ते कागद कोण वाचणार? तू."

मी महिन्याला घरी पगार देत होतो. दोन वेळा म्हणालोही होतो, अप्पा, छापखान्याला काही लागतं का? "चालतंय की झकास," हे त्यांचं उत्तर. आणि मी, दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यातला रुपया न् रुपया हुडकणारा, बापाच्या गल्ल्यात कधी डोकावलो नव्हतो.

"बाकीच्या तेरांनीही हेच केलं असणार," मी म्हणालो.

"करणारच. घाऊक व्यापारी उधारीवर माल देतो तो नावावर देतो. ह्याच्याकडनं पिग्मी निघंना हे कळलं की दुसऱ्या दिवशी रोख मागतो. पेठेत झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. मालनबाईंनी बावीस वर्षांत कुणाची मूठ उघडली नाही."

मी तिथून काकूंच्या घरी गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवत होतो, कमिटीपुढं काय सांगायचं, कसं सांगायचं. काकू सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, तांब्याभर पाणी दिलं आणि परत बसल्या.

"अप्पांनी सांगितलं," मी म्हणालो.

"सांगायला नको हुतं."

"तुम्ही का नाही सांगितलंत सभेत? एका वाक्यात सुटला असता."

"सात संचालकातलं पाच व्यापारी हाईत. त्यांच्याकडनंच उधारी घेत्यात ती चौदाजणं. त्यांच्या म्होरं तोंड उघडू?" फोल त्यांनी सुपातून पाखडलं. "आन् वर तूच विचारत हुतास. पोराच्या तोंडावर बापाचं कसं सांगू? म्हणून म्हनलं, ह्याला भाईर पाठवा. तर त्यांनी पाठवलं न्हाई."

मी म्हणालो, "मी उद्या कमिटीला सगळं खरं सांगतो. तुम्हाला परत घ्यायला लावतो."

"आन् त्यांनी लिवून दिल्यालं? ते खोटं ठरंल न्हवं? अप्पांचं बी." काकू हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं. "समज, घेतलं मला परत. मी कुणाच्या पायरीवर हुबी राहू? पाकिटं समद्या पेठंनं बघितल्यात. आता मी ज्याच्या दारात थांबंन ते दुकान लोक मोजणार, ह्यो पंधरावा का म्हणून. माझ्या येण्याचीच लाज वाटंल त्यांस्नी. माझा धंदा संपला, शीतल. तो मशीन घेतल्यावर न्हाई संपला. पाकीट वाटलं तवा संपला."

मी समोरची एक शेंग उचलून फोडली.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "रोज साडेपाचला तुझ्या म्होरं बसत हुते. चहा घेतला का, म्हणून रोज विचारायचास. ह्ये का न्हाई विचारलंस? काकू, सोमवारी काय करता, असं?"

"त्या असिस्टंटनं..." मी म्हणालो. "ते त्यानं शोधलं."

"त्यानंच म्हनलं चोर हाय म्हणून?"

पेठेत तोवर तसंच पसरलं होतं. कॉम्प्युटरनं चोर पकडला. संचालक तसं बोलत होते, दस्तगीरही तसंच सांगत होता, आणि मी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. आता इथंही तेच सोयीचं होतं.

"हो, काकू," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मी काढून टाकलेली दोन पानं मला आजही तोंडपाठ आहेत. त्यानं लिहिलं होतं, "या नोंदींची दोन कारणं संभवतात. एक, एजंटने आठवड्यात घेतलेली रक्कम उशिरा भरली. दोन, खातेदारांनी रक्कम दिलीच नाही आणि एजंटने स्वतःचे पैसे घालून खाती चालू ठेवली. यातलं कोणतं खरं, हे नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही. खातेदारांना पत्र पाठवण्याआधी किंवा सभेत विषय घेण्याआधी एजंटशी एकांतात बोलावं." तो पेठेत कधी फिरला नव्हता, पण त्याला सुचलं होतं. मी पेठेत जन्मलो आणि एका पानात बसत नाही म्हणून ते खोडलं. खरं तर पानात बसत होतं. पण दोन कारणं लिहिली असती तर मी शोध लावला, असं कोण म्हणालं असतं? संशयाला कोण शाबासकी देतं?

"असू दे," काकू म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या यंत्राला काय ठावं. त्यानं पेठ कुठं बघितलीया."

मग त्यांनी मला शेंगदाण्यांची पुडी बांधून दिली. अप्पांच्या बाराशेचं काही बोलायचं नाही, अशी शपथ घातली. मी शपथ घेतली. दारातून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला आजही लाज वाटते. त्यांनीच नको म्हटलं होतं ना? मग मी कशाला बोलू? रस्ता संपेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती.

दिवाळीनंतर मी मॅनेजर झालो. अप्पांनी कर्ज मागितलंच नाही. पुढच्या वर्षी छापखान्याची जागा एका मोबाइलवाल्याला भाड्यानं गेली. घाऊक व्यापाऱ्यांनी त्या चौदातल्या तिघांना माल द्यायचं थांबवलं आणि त्यांची दुकानं बसली. त्यातला एक बांगड्यांचा दुकानदार पुण्याला वॉचमन म्हणून गेला. काकूंची अनामत रक्कम संस्थेनं सात महिने अडवून मग परत केली. ती घेऊन त्या निपाणीला लेकीकडं गेल्या. तिकडंच वारल्या. मला कळलं ते तेराव्याच्या नंतर. अप्पा मात्र जाऊन आले होते, मला न सांगता.

पण हे सगळं नंतरचं. काकूंच्या घरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा झाली. चौदा जबाब वाचले गेले. मालन बिरनाळे यांना कमी करण्याचा ठराव एकमतानं झाला, आणि अकौंटंट शीतल तेरदाळे यांच्या अभिनंदनाचाही झाला. मी उभा राहून हात जोडले. मिणचेकरसाहेब म्हणाले, "इतिवृत्त आजच लिहून टाक. तुझ्या चिटणीसाला सांग."

मी टेबलावर आलो, कॉम्प्युटर चालू केला आणि असिस्टंटला दोन्ही ठरावांची माहिती दिली. महिन्याभरापूर्वीचं आमचं बोलणं तिथंच वर होतं. त्यानं ठराव लिहायच्या आधी मला एक प्रश्न विचारला.

"एजंटने स्वतःचे पैसे घातले असावेत, ही दुसरी शक्यता आपण मागे नोंदवली होती. ती तपासून पाहिली का? एजंटशी एकांतात बोलणं झालं का? तसं असल्यास इतिवृत्तात नमूद करतो."

काउंटरवर लोक पासबुकं भरून घेत होते. साडेपाचला अजून अवकाश होता आणि माझ्या समोरची खुर्ची रिकामी होती.

मी टाइप केलं, "हो. बोलणं झालं. त्या शक्यतेत तथ्य आढळलं नाही."

त्यानं आभार मानले आणि ठराव लिहून दिला. या वेळी मला त्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.